सुतार, शिंपी आणि विमान



विमानाचा कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आरशासारखी फरशी, पांढरे कोट घातलेली माणसं आणि संगणकाच्या पडद्यावर गोल फिरणारं विमानाचं चित्र. आता शंभर-एकशेदहा वर्षं मागं जाऊ या. इंग्लंडमधल्या एखाद्या विमान कारखान्याचं दार ढकलून आत गेलो, तर आधी नाकात शिरेल तो लाकडाच्या भुशाचा वास. मग उकळत्या सरसाचा. पलीकडच्या खोलीतून शिवणयंत्रांची खडखड ऐकू येईल. नंदगडच्या एखाद्या सुताराला किंवा शिंप्याला तिथं नेऊन उभं केलं असतं, तर त्याला तिथली भाषा कळली नसती, पण हातातलं काम नक्की कळलं असतं.

या वेळी त्या कारखान्यांतल्या माणसांविषयी लिहितोय. आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्याचा विमानांशी जेवढा संबंध आहे, तेवढा आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहीत नाही. शिवाय दहावी-बारावीनंतर पोरांनी काय करायचं, हा प्रश्न घरोघरी आहेच. त्या प्रश्नालाही या गोष्टीचा उपयोग होईल असं मला वाटतं.

दोन सायकलची दुकानं

राइट बंधूंचं अमेरिकेत डेटन गावात सायकलचं दुकान होतं. १८९२ मध्ये सुरू केलेलं. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं विमान पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद, १२० फूट. त्याचा सांगाडा लाकडाचा होता आणि पंखांवर साधं सुती कापड शिवलेलं होतं. इंजिन मात्र बाजारात मिळेना. तेव्हा दुकानातलाच चार्ली टेलर नावाचा मेकॅनिक पुढं आला आणि लेथ व ड्रिलच्या जोरावर त्यानं सहा आठवड्यांत १२ अश्वशक्तीचं इंजिन उभं केलं. राइट बंधूंचं नाव जगभर झालं. टेलरचं नाव मेकॅनिक लोकांनी जपलं. त्याचा वाढदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.

डेटनचं दुकान सुरू होण्याच्या चार वर्षं आधी, १८८८ मध्ये, आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं होतं. त्या दुकानातून पुढं चारा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका दुकानातून विमान निघालं, दुसऱ्यातून नांगर. गरजा वेगळ्या होत्या, पण यंत्र उघडून बघायची आणि नसलेला भाग स्वतः घडवायची सवय दोन्हीकडं सारखीच होती.

पंख कसा व्हायचा

१९०९ मध्ये इंग्लंडच्या शॉर्ट बंधूंनी राइट बंधूंच्या नमुन्याची सहा विमानं बनवायचं काम घेतलं. एकाच नमुन्याची विमानं ओळीनं बनवायची सुरुवात तिथून झाली असं मानतात. हे शॉर्ट बंधू त्याआधी हवेत उडणारे फुगे बनवत, तेही लंडनमधल्या रेल्वेच्या कमानींखाली. सॉपविथ कंपनीनं १९१२ मध्ये किंग्स्टन गावातलं स्केटिंगचं रिकामं सभागृह घेतलं आणि तिथंच विमानं बांधायला सुरुवात केली. एवढी लांब, गुळगुळीत आणि मध्ये खांब नसलेली जमीन दुसरीकडं कुठं मिळणार?

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विमानांची मागणी एकदम वाढली. सरकारनं मग फर्निचर आणि लाकूडकाम करणाऱ्या कंपन्यांनाही विमानाची कामं दिली. नॉर्विचच्या बोल्टन अँड पॉल या लाकूडकामाच्या जुन्या कंपनीतून सॉपविथ कॅमल ही लढाऊ विमानं बाहेर पडू लागली.

पंखाचं काम असं चालायचं. पहिलं काम सुताराचं. स्प्रूस नावाचं पाइनच्या कुळातलं हलकं, सरळ रेषेचं लाकूड घ्यायचं. रेषा वाकडी असेल किंवा मध्ये गाठ असेल तर तो तुकडा बाजूला. आपल्याकडं चौकटीत एखादी गाठ आली तर सुतार ती भिंतीच्या बाजूला फिरवून बसवतो आणि काम निभावून नेतो. इथं तसं चालत नव्हतं, कारण त्या गाठीपाशीच पंख मोडायचा. लांबीच्या दोन मुख्य दांड्या, त्यांच्यावर आडव्या बारीक फासळ्या, सांधे सरसानं आणि बारीक खिळ्यांनी पक्के. मग आत तारा ओढायच्या आणि त्या सारख्या ताणायच्या. तार ढिली राहिली तर पंख पिळवटणार, जास्त ताणली तर लाकडावर जोर येणार.

त्यानंतर सांगाडा जायचा बायकांच्या हाती. आयर्लंडचं लिनन कापड पंखावर ओढून, मेण लावलेल्या दोऱ्यानं प्रत्येक फासळीशी टाके घालून ते बांधायचं. टाक्यांमधलं अंतर ठरलेलं आणि गाठही ठरलेली. एक टाका सुटला तरी पुढचे उसवू नयेत, यासाठी ती गाठ होती. उंचावर, वाऱ्याच्या माऱ्यात कापड फासळीपासून सुटलं तर वैमानिकाच्या हातात काही उरत नसे. आपल्या आईला, आजीला गोधडीचे टाके घालताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना या कामातलं कौशल्य वेगळं समजावून सांगायला नको.

प्रत्येक टप्प्यावर तपासनीस असायचा. ब्रिटिश सरकारनं १९१३ मध्ये विमानांच्या तपासणीसाठी वेगळं खातंच काढलं होतं. तपासलेल्या भागावर शिक्का बसल्याशिवाय तो पुढच्या टेबलावर जायचा नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडंही एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढं जात नाही, आणि नवी पोरं सुरुवातीला यावर वैतागतात. त्यांना मी हा शिक्का सांगतो. तो कामगारावर अविश्वास म्हणून नव्हता. वर बसणाऱ्या माणसाला खालच्या कारागिरांची नावंही माहीत नसायची, तरी तो आपला जीव त्यांच्या कामावर टाकायचा. त्या दोघांमधला धागा म्हणजे तो शिक्का.

बंद खोलीतली हवा

आता या गोष्टीतला अवघड भाग.

शिवलेलं कापड तसंच ठेवलं तर ते सैल पडायचं आणि पाण्यानं भिजायचं. म्हणून त्यावर डोप नावाचं द्रावण ब्रशनं लावत. एकावर एक असे अनेक हात. ते वाळलं की कापड आकसून ढोलकीच्या पानासारखं ताठ व्हायचं. पण गार, दमट हवेत डोप पांढरट पडायचं आणि काम वाया जायचं. म्हणून डोपची खोली उबदार ठेवायची आणि दारं-खिडक्या बंद. कापडाला हवं ते मिळालं. त्या खोलीत दिवसभर श्वास घेणाऱ्या माणसांचा विचार मागं पडला.

काही डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचं रसायन असायचं. त्याची वाफ यकृतावर घाला घालते. १९१४ च्या अखेरीस लंडनजवळच्या हेंडनमधल्या विमान कामगारांना एकामागून एक कावीळ होऊ लागली आणि त्यात माणसं दगावली. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळं वरची एखादी खिडकी उघडून भागत नाही, ती खालूनच ओढून बाहेर काढावी लागते. डॉक्टरांनी आणि कारखाना निरीक्षकांनी पाठपुरावा केला, अशा काविळीची नोंद सरकारला देणं बंधनकारक झालं, हवा खेचणारे पंखे बसले आणि युद्ध संपायच्या आधी ते रसायन वापरातून काढलं गेलं.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या रसायनाशिवाय डोप बनवता येत होतं. म्हणजे विमान थांबणार नव्हतं. तरीही बदल व्हायला आधी माणसं आजारी पडावी लागली, आणि कुणीतरी ते आजार मोजून कागदावर लिहावे लागले.

बायकांचे हात

युद्धात पुरुष आघाडीवर गेले तशा कारखान्यांत बायका वाढत गेल्या. आधी शिवण आणि डोप, मग लाकूडकाम, पुढं वेल्डिंगसुद्धा. काम तेच असलं तरी मजुरी बहुतेक ठिकाणी पुरुषांपेक्षा कमी, आणि त्यावरून भांडणंही झाली. या सगळ्यात हिल्डा ह्यूलेट या बाईंचं नाव आवर्जून सांगायला हवं. १९११ मध्ये विमान चालवण्याचा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली स्त्री. स्वतः उडवून ती थांबली नाही. एका फ्रेंच भागीदाराबरोबर तिनं विमानांचा कारखाना काढला आणि युद्धाच्या काळात तिथं शेकडो कामगारांनी आठशेच्या वर विमानं बांधली. घरातल्या मुलींना वैमानिक बायकांच्या गोष्टी आपण सांगतोच, तिथं ही कारखानदारीणही बसवावी.

युद्ध संपता संपता ब्रिटनच्या विमान उद्योगात साडेतीन लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. चार वर्षांत सुमारे ५५ हजार विमानं बनली होती. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं आणि सरकारनं पुढच्या ऑर्डरी रद्द केल्या. ज्या बायकांच्या टाक्यांवर विमानं उडत होती, त्यांतल्या बहुतेकींना काही महिन्यांतच घरचा रस्ता धरावा लागला. सॉपविथनं मोटारसायकली बनवून बघितल्या, तरी १९२० मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. अमेरिकेत बोइंगची तीच गत. आज जगातली एवढी मोठी कंपनी, पण त्या पडत्या काळात तिनं कपाटं आणि टेबलं विकून दिवस काढले. सुतार हाताशी होते म्हणून तेवढं तरी जमलं.

आपल्या अंगणात

हीच गोष्ट वीस-पंचवीस वर्षांनी आपल्या देशात घडली, आणि तिच्यात महाराष्ट्रातली दोन माणसं ठळक आहेत.

पहिले वालचंद हिराचंद, सोलापूरचे. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळं आपल्या भागातल्या प्रत्येक इंजिनियरला हे नाव माहीत असतं. दुसरं महायुद्ध सुरू असताना, २३ डिसेंबर १९४० रोजी, म्हैसूर संस्थानच्या मदतीनं त्यांनी बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तिथं जुळवलेलं पहिलं प्रशिक्षण विमान उडालंसुद्धा. १९४२ मध्ये सरकारनं कारभार हातात घेतला आणि युद्ध संपेपर्यंत मुख्यतः विमानांच्या दुरुस्तीचं काम चाललं. युद्ध संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, कामगारांना काम काय द्यायचं? तिथं रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्या बनू लागल्या. पत्रा कापणारे आणि रिव्हेट मारणारे हात रिकामे बसले नाहीत, आणि विमानाची वेळ आली तेव्हा कारखाना शाबूत होता. १९६४ मध्ये झालेली एचएएल ती हीच.

दुसरे डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा, म्हणजे आपल्या संकेश्वर-निपाणी भागाच्या शेजारचाच. शिकत शिकत ते जर्मनीत ग्योटिंगेनला पोचले आणि हवेच्या प्रवाहाचं शास्त्र घडवणाऱ्या लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बेंगळुरूचा कारखाना उभा राहत होता तेव्हापासून ते तिथं होते. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. आपल्या हवाई दलातल्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्याच विमानात गिरवले. घाटग्यांचं गणित जर्मनीत पक्कं झालं होतं, पण ते धातूत उतरवायला बेंगळुरूचे फिटर लागले. कागद आणि कानस, दोन्हींशिवाय ते विमान जमिनीवरून उठलं नसतं.

आणि आता अगदी जवळचं. नंदगडहून खानापूर, तिथून बेळगाव आणि मग महामार्गानं निपाणीच्या दिशेला निघालं की वाटेत हत्तरगी लागतं. तिथं २००९ पासून विमानांचे भाग बनवणारी वसाहत आहे. एअरबस आणि बोइंगसारख्या कंपन्यांच्या विमानांसाठी लागणारे भाग तिथं घडतात, कापले जातात, त्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथवर तयार झालेलं कसब या भागात आधीपासूनच होतं, म्हणून असा उद्योग इथं रुजणं मला नवलाचं वाटत नाही. पुण्याहून गावी जाताना आपण गाडीत गाणी ऐकत त्या टापूतून जातो आणि वरून जाणारं विमान पोरांना दाखवतो. खालीही दाखवायला हवं.

मावशीचा प्रश्न

माझ्या मावसभावानं यंदा आयटीआय पूर्ण केलं, मशिनिस्ट ट्रेडमध्ये. त्याला एका कारखान्यातून प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणं आलं. मावशीचा मला लगेच फोन. "अरे, तू बीई होऊन एसीत बसलास, आणि ह्यानं काय आयुष्यभर तेलात हात घालायचे काय?" मागून तो ओरडत होता, "दादा, तिला सांग की मशीन केवढ्याचं असतंय ते!"

मावशीची काळजी खोटी नाही. तिनं हाताच्या कामाला मान मिळताना फारसा बघितलेलाच नाही. तिला मी चार्ली टेलरची गोष्ट सांगितली, ती तिनं ऐकली आणि म्हणाली, "ते अमेरिकेत रे." मग भावाला मी तीन प्रश्न लिहून दिले. कारखान्यात जाशील तेव्हा हे विचार, म्हटलं.

पहिला, मला शिकवणार काय? नुसतं बटण दाबून तुकडा चढवायचा-उतरवायचा, की ड्रॉइंग वाचायला, माप घ्यायला, पुढं प्रोग्रॅम लिहायलाही शिकवणार? गाठीचं लाकूड ओळखणारा सुतार दुसऱ्या धंद्यातही उपाशी राहिला नाही, कारण त्याची पारख त्याच्याबरोबर गेली.

दुसरा, मी ज्या हवेत काम करणार ती कशी आहे? धातूवरच्या प्रक्रियेत आम्लं, द्रावणं, वाफा असतातच. वाफ खेचून घ्यायची सोय काय, मास्क आणि हातमोजे कोण देणार, वर्षाला तपासणी होते का? हे विचारण्यात लाजायचं काही नाही. डोपच्या खोलीतल्या माणसांना हे विचारायची संधीच मिळाली नव्हती.

तिसरा, ऑर्डर कमी झाली तर? नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, पीएफ कुणाच्या नावानं भरला जाणार, शिकण्याचा काळ संपला की कायम करण्याचा नियम काय? १९१८ च्या त्या बायकांच्या हातात कसब होतं, पण पुढच्या महिन्याची हमी नव्हती. आमच्या क्षेत्रातही प्रोजेक्ट संपला की माणसं बाकावर बसतात, तेव्हा एसीत बसलेल्या बीईनंही हा प्रश्न विचारलेला बरा.

भावानं प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींची उत्तरं चांगली मिळाली, तिसऱ्याचं अर्धवट. तरी तो विचार करून रुजू झाला. डिप्लोमाचा अर्जही त्यानं भरून ठेवलाय, नोकरी सांभाळून होईल असं बघतोय. मावशी अजून पूर्ण खूश नाही. पण गेल्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "ते मायक्रॉन म्हणजे किती रे? हा सारखा त्याचंच बोलतोय." मी सांगितलं, "मावशी, तुझ्या डोक्यावरचा एक केस असतो ना, त्याची जाडी पन्नासाच्या वर मायक्रॉन. आणि त्याला कधी कधी दहा-वीस मायक्रॉनसुद्धा सांभाळावे लागतात." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग जेवताना डबा वेळेवर खातोय का, ते पण विचार त्याला."

वाचकहो, तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणी बेंगळुरूच्या एचएएलमध्ये, किर्लोस्करवाडीत, उद्यमबागेत किंवा सांबऱ्याच्या हवाई दलाच्या शाळेत काम केलेलं असेल. आजोबा असतील, काकू असतील. सुट्टीत गावी गेलात की त्यांच्यापाशी बसा आणि एवढंच विचारा, पहिल्या दिवशी तुम्हाला कुठलं काम दिलं होतं, आणि ते शिकवलं कुणी? उत्तर फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यांची हरकत नसेल तर आपल्या मासिकाकडं पाठवा. मोठ्यांची नावं इतिहासात येतात. टाका घालणाऱ्यांची आणि कानस चालवणाऱ्यांची नावं त्यांच्या घरच्यांनीच लिहून ठेवावी लागतात.

भेटू पुढच्या अंकात.